पाणाड्या

नोव्हेंबर. औलूत दुपारी तीनलाच दिवस मिटतो
आणि आमच्या तळघराला तेवढंही कळत नाही.

ओइवा कार्पिनेन, वय एकाहत्तर,
पुओलांकाकडच्या दलदलीतून आलेला.
धंद्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं : पाणी शोधतो.
बर्चची दुबेळकी फांदी धरून चालायचं,
फांदी वाकली की पाय रोवायचे
आणि मालकाला सांगायचं, इथे खण.
दोनशे अकरा विहिरी, म्हणाला.
कोरड्या नऊ.
त्या नवांची नावं पाठ आहेत.

खिसे रिकामे केले : चाकू, किल्ल्या,
कागदात गुंडाळलेले साखरेचे दोन चौकोनी खडे.
कॉफी तो खड्यातून ओढून पितो, डाव्या दाढेत धरून.
"उजवीकडची ऑगस्टपासून कुरकुरतेय."
हे मी लिहून घेतलं नाही.
कुरकुरीला आमच्या फॉर्मवर रकाना नाही.

चित्रात गाठ : काळं पोट, उजळ काठ.
डॉक्टर हिएताला म्हणतात, गाठच आहे,
पण कुठेतरी पाणी मुरतंय.
तू तिच्या पोटात काय शिजतंय ते सांग.

मी गाठीत एक चौकट बसवते,
ओइवाच्या खड्याएवढी.
मग शिम. शिम म्हणजे पाचर :
डुगडुगत्या टेबलाखाली सारतो तशी
चुंबकाखाली सारायची, केसभर, अजून केसभर,
चौकटीतलं क्षेत्र सपाट होईपर्यंत.

आणि मग पाण्याला गप्प करायचं.
डोक्यात पाणीच पाणी. ते बोलत असलं
की बाकी कुणाचा शब्द कानी येत नाही,
दहा हजारांच्या गलक्यात एकाचं पुटपुटणं.
तीन हलक्या चापट्या, नेमक्या त्याच्याच सुरावर,
आणि पाणी बसतं.
नळीत एक पाणाड्या आडवा
आणि मी त्याच्या डोक्यातलं पाणी पुसतेय.
त्याला सांगितलं नाही.

एकशे अठ्ठावीस वेळा तोच प्रश्न.
ठक, ठक, ठक.
ओइवा हलत नाही.
वाट बघायची त्याला सवय.

रेघ उमटते.
कोलीन नाही. मांस माजलं की इथे डोंगर उठतो;
इथे माळ आहे.
१.३ वर लॅक्टेटची जोडी, वटवाघळांसारखी उलटी टांगलेली.
जिथे जीव गुदमरतो तिथे ती असतेच,
तिच्या साक्षीवर कुणाला सोडता येत नाही.
आणि दोनच्या आसपास एक सुळका.
आसपास.

दोनवर असेल, तर ती शाबूत मेंदूची खूण,
म्हणजे चौकट माझीच सरकली, सगळं परत.
१.९ वर असेल, तर अ‍ॅसिटेट, व्हिनेगरचा भाऊबंद.
माणसाच्या पेशी तो असा साठवत नाहीत.
जंतू साठवतात.
मग ती गाठ नव्हे, पू.
कापून काढायचं की भोक पाडून उपसायचं
ते एका दशांशावर.

पण मोजायचं कशावरून? सगळं तर पुसलं.
सगळं नव्हे. डावीकडे, ४.७ वर,
पाण्याची एक लकेर उरली होती,
दटावलेल्या पोराच्या हुंदक्यासारखी.
तिला धरून मी उजवीकडे मोजत आले.
एकदा. पुन्हा एकदा.
मग काचेवरची धूळ पुसून.

१.९.
आणि ०.९ पाशी अमिनो आम्लांचा खळगा,
जो मी घाईत आवाजाची खरखर समजले होते.

बाहेर आल्यावर ओइवाने विचारलं, "लागलं पाणी?"
म्हटलं, "पाणी सगळं बाजूला सारलं, मग लागलं."
तो हसला नाही.
धंद्यातल्या माणसाने हलवावी तशी मान हलवली.
"वरचं पाणी दलदलीचं, तपकिरी. फांदी त्यालाही वाकते.
नवशिके तिथेच खणतात.
मीही खणलंय. नऊ वेळा."

मग कागद सोडून एक खडा काढला,
डावीकडे धरला.
"कुठली दाढ म्हणालात?" मी विचारलं,
आणि फॉर्मच्या समासात लिहिलं.